तिसरा फ्यूज

टेलिफोन तारेवरून बोलत असत, त्या काळी डोंगरावरच्या एका एक्स्चेंजमध्ये, लोखंडी रॅकवर, गावागावांचे बोलणे जोडणारी सहा सर्किट-कार्डे शेजारी शेजारी राहत होती. सकाळपासून त्यांचे दोन फ्यूज उडाले होते. मेकॅनिक हणमंतरावांनी तिसरा बसवला आणि तांब्याची जाड तार हाताशी ठेवत ते पुटपुटले, "हाही गेला, तर तारच घालतो."

"या पाहुणे," पहिले कार्ड म्हणाले. "तुमचे दोघे भाऊ चहा होण्याआधीच गेले. घराणेच नाजूक दिसते."

"नाजूक आहेच," फ्यूज म्हणाला. "जास्त वीज आली की मी वितळतो, म्हणून तुम्ही वाचता. पण तार वितळणार नाही, मग तुम्ही जळाल. कोणाला दुखते आहे, तेवढे सांगा."

चौथ्या कार्डाला ठाऊक होते. त्याच्या पाठीमागची वायर घासून उघडी पडली होती आणि रॅकच्या पंख्याने वेग घेतला की थरथरून लोखंडाला टेकत होती, आणि फ्यूज उडत होता. परंतु रॅकमधून काढलेले कार्ड परत आल्याचे त्याने कधी पाहिले नव्हते.

हणमंतरावांनी बटण दाबले. पंख्याने वेग घेण्याआधीच चौथ्या कार्डाने आपला बिघाडाचा लाल दिवा लावला.

त्यांनी लगेच बटण बंद केले, कार्ड बाहेर काढले, उघड्या वायरवर टेप गुंडाळली आणि ते पुन्हा जागेवर सरकवले. पंखा फिरू लागला. जाड तार पिशवीत गेली.

"मला वाटले, मी परत येणार नाही," चौथे कार्ड हळूच म्हणाले.

"मलाही माझ्याबद्दल असेच काहीसे वाटत होते," फ्यूज म्हणाला.