उंचवट्यावरची राखण

एकदा एक शिष्या देवराईच्या फाटकावर राखण करीत बसली होती. गवत वाळून खडखडीत झाले होते. गावाचा एकुलता एक झरा त्या राईच्या मुळांशी होता. राई जळाली की पाणी गेले, हे लहान पोरांनाही ठाऊक होते. वणव्याच्या दिवसांतली ही राखण प्रथमच एका मुलीकडे आली होती. तिने ती ग्रामसभेत भांडून मिळवली होती, आणि "बघू, किती टिकते" म्हणणारे पारावर बसून तिच्या चुकीची वाट पाहत होते.

तिची राखण कडक होती. येणाऱ्याजाणाऱ्याचे खिसे ती तपासे, काडेपेटी काढून घेई. एक गावकरी वैतागून म्हणाला, "आज बिडी घेतलीस, उद्या आमच्या चुलीही विझवशील!"

"वेळ आली तर विझवीन," ती म्हणाली.

एके दुपारी तिच्या मोबाइलवर सरकारी संदेश आला : वारा वाढणार, अलर्ट राहा. ती फाटकाला खेटून उभी राहिली. तेवढ्यात तिचे गुरुजी काठी टेकत आले. आयुष्यभर भाषा शिकवून ते म्हातारपणी गावी परतले होते. त्यांनी फाटकाला कडी घातली आणि म्हणाले, "चल, टेकाडावर जाऊ."

"आज? गुरुजी, अलर्ट आलाय!"

"म्हणूनच."

ती मनातून जळत त्यांच्यामागे चढली. पहारा सोडून फिरायला जायचे, हे कसले शहाणपण? वर पोहोचताच तिने पहिल्यांदा फाटकाकडेच पाहिले.

"फाटक राहू दे," गुरुजी म्हणाले. "चहूकडे बघ आणि दिसेल ते मला सांग."

ती वळली आणि थबकली. मागच्या उतारापलीकडे, जिथे फाटकावरून नजर पोहोचतच नव्हती, तिथे धुराचा लोट उठला होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून कुणीतरी भर वाऱ्यात राब पेटवला होता. खाचर तिच्या सख्ख्या काकांचे होते, आणि वारा थेट राईकडे वाहत होता.

तिने वरूनच गावाला हाका घातल्या, फोन लावले आणि उतारावरून धावत सुटली. पारावरची माणसेही धावली. कुणी हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपल्या, कुणी गवत कापून आगीपुढे मोकळा पट्टा काढला. आग राईच्या कुंपणापाशी येऊन विझली.

काजळलेल्या चेहऱ्याने ती, तोवर टेकाड उतरून आलेल्या गुरुजींजवळ, येऊन बसली. ते म्हणाले, "तुझ्या फोनवर आला तो 'अलर्ट' शब्द मुळात इटलीतला. तिथले पहारेकरी एकमेकांना हाक देत, 'अल्लेर्ता!' एर्ता म्हणजे चढ, उंचवटा. वर जा, तिथून बघा, एवढेच त्या हाकेचे म्हणणे. ती फ्रेंचांनी उचलली, पुढे इंग्रजांनी. होता होता तिचा अर्थ नुसते जागे असणे झाला, आता तर फोनवरची सूचना झाला. चढ तेवढा गळून गेला. तू जागी होतीस, पण एका फाटकापुरती. पाळत माणसावर ठेवता येते, मुली. राखण सगळ्या रानाची करावी लागते."

"हे फाटकावरच सांगता आले असते," ती ताडकन म्हणाली. "म्हातारी माणसे अर्थ नेहमी शेवटीच का सांगतात?"

"आधी सांगितले असते, तर तू वाद घातला असतास."

"घातला असता. पण चढत चढत."

गुरुजी म्हणाले, "तर मग चुकले माझे. आणि आणखी एक ऐक. माझ्या डोळ्यांना आता धूर आणि ढग सारखेच दिसतात. कुठून बघायचे ते मला ठाऊक होते. बघायला तूच हवी होतीस."

तिने त्यांच्या काठीवरची राख आपल्या ओढणीने पुसली.

इतक्यात काका खाली मान घालून समोर आले. "राब माझाच होता, पोरी. वाऱ्याचा अंदाज चुकला."

त्यांचे खिसे तपासायला तिचा हात उठला नाही. ती म्हणाली, "काका, पुढच्या खेपेला पेटवण्याआधी मला हाक द्या. मी वर असेन."