दोन करार, एक 'वी'

"...मग जाऊ कुणाकडे, आबू?"

म्हातारा कोनफळ सोलत होता. मान वर केली नाही.

त्यांच्या बेटावर आजोबांना आबू म्हणतात. हळूहळू सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणायला लागतात. हा आबू काही साधुबिधू नव्हता. चार पक्ष फिरून तीन सरकारांत मंत्री झालेला गडी. आता राजधानीच्या टोकाला, बेटवाल्यांच्या वस्तीत, शहाणपण वाटत बसायचा. मंत्री असताना वाटायला सवड नव्हती.

विचारणारा सिमियन. याच म्हाताऱ्याकडे भाषण शिकला आणि बेटाचा खासदार झाला. पक्षाचा एकुलता एक. अध्यक्ष तोच, चिटणीस तोच.

एकतीस जणांची संसद. पंधरा सरकारकडे, पंधरा विरोधात. चार वाजता अविश्वास ठराव. दोन्ही बाजूंनी आपापली माणसं हॉटेलांत कोंडून ठेवलेली. फोनसुद्धा काढून घेतलेले. मोकळा काय तो सिमियन, आणि त्याच्यासाठी दारात दोन्हीकडच्या गाड्या.

"बोट कोण देतंय?"

"दोघंही. तीच तर गोची आहे."

बोट म्हणजे इस्पितळाची. गेल्या वर्षी बेटावरच्या दोन बायका बाळंतपणाला नेताना होडीतच दगावल्या. त्यातली एक सिमियनची बहीण.

त्याने दोन कागद पुढे टाकले. युतीचे करार.

"वाच."

"इंग्रजीत आहेत, आबू."

"मग आपल्या भाषेत सांग. मी काय संसद आहे?"

सिमियनने पहिला कागद उचलला.

"आम्ही बेटाला बोट..." तो थांबला. "नाही. आपण बेटाला..."

पुन्हा थांबला.

त्यांच्या भाषेतही आपल्यासारखेच दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून 'आपण'. ऐकणाऱ्याला सोडून 'आम्ही'. चार वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही. संसद मात्र इंग्रजीत चालते. तिथे दोन्हीला एकच, 'वी'.

"कुठला शब्द, ते कळत नाही इथे."

"दुसरा बघ."

दुसऱ्यातही तेच वाक्य. स्वल्पविरामासकट.

"चार दिवस बोलणी केलीस ना?"

"केली. कुणी 'वी' म्हटलं की सगळे माना हलवायचे."

"तू?"

"...मीपण."

बाहेर हॉर्न वाजला. लगेच दुसऱ्या गाडीचाही.

सिमियन भडकला. "तुम्ही नका शिकवू मला! चार पक्ष बदललेत. मंत्री असताना बेटाला कबूल केलेल्या तुमच्या जेटीचे नुसते खांब उभे आहेत पाण्यात, वर फळी नाही. पक्षी हगतात त्यांवर! तेव्हा तुम्ही कुठला शब्द धरला होतात?"

म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली.



"मी भाषांतर करून बघितलंच नव्हतं."

याची मानगूट धरावी की पाय, सिमियनला कळेना. आला तेव्हा निदान दोन बाजू होत्या. आता त्याही एकसारख्या दिसत होत्या.

म्हाताऱ्याने दोन्ही कागद ओढले. त्यांत साली गुंडाळल्या.

"अहो आबू! सही करायची आहे त्यावर!"

"कुणाची?"

"माझी."

"एकट्याची?"

"...पक्षात दुसरं आहे कोण!"

म्हाताऱ्याने पुडकं त्याच्या हातात दिलं. ओलं, चिकट. सिमियन ते धरून उभा राहिला. टाकेना, उघडेना. तोवर दोन्ही ड्रायव्हर आत आले. "साहेब, चला." "साहेब, इकडे."

त्याने दोघांकडे पाहिलं. मग म्हाताऱ्यासमोर मटकन खाली बसला.

"आबू... काय करायचं आता आपण?"

"आपण?" म्हाताऱ्याने पुढचं कोनफळ घेतलं. "बोटीत धर मला. मतात नको धरूस."