पाण्यातली बरणी

दिवस मावळला की रावजीच्या मिशा उतरणार होत्या! मग गाढवावर उलटं बसवून गावभर धिंड.

गुन्हा काय, तर भर बाजारात तो ओरडला होता, "धुंडिराज वैद्याचा तापावरचा काढा म्हणजे नुसती काकवी! माझा बाप तापानं फणफणलाय, आणि हा मेला त्याला गोड पाजतोय!"

बरणीवर तर ठसठशीत चिठ्ठी होती: 'कडुनिंब, किराईत, गुळवेल. जहाल कडू. ताप पळालाच समजा!' आणि झाकणाच्या फडक्यावर खुद्द महाराजांची मोहर. म्हणजे वैद्य खोटा तर महाराजही खोटे!

रावजीची बायको यमुनी राजवाड्यात भांडी घासायची. राखेच्या हातांनीच ती दरबारात शिरली. "महाराज, एक बरणी उघडा नि चाखा. झालं!"

"माझी मोहर फोडायची?" महाराज कडाडले. "उघडायचं नाही, चाखायचं नाही. तसंच सिद्ध कर. नाहीतर नवऱ्याच्या मिशा गेल्या!"

"मिशा काय, पुन्हा उगवतील. सासऱ्यांना खरं औषध कोण देणार?" यमुनी म्हणाली. "बरं, वैद्यबुवांनाच सांगा, त्यांच्या कोठीतली बरणी त्यांच्याच हातानं इथं आणून ठेवायला. मी बोटसुद्धा लावायची नाही."

वैद्यबुवा डुलत डुलत आले. बरणी फरशीवर टेकवली आणि सवयीनं हाक मारली, "अरे, पाण्याची परात आणा रे, बरणी ठेवायला!"

यमुनीनं कान टवकारले. "पाणी कशाला हो, वैद्यबुवा?"

"धूळ लागू नये म्हणून!"

"अगंबाई! धुळीला पाय फुटले का, खालून चढायला? आमच्यात गुळाचा डबा पाण्यात ठेवतात. किराईत ठेवलेलं काही मी पाहिलं नाही!"

"ती... ती शास्त्रोक्त पद्धत आहे."

"मग आजच्या दिवस शास्त्र राहू द्या बाजूला. परात नको. शेजारी मी किराईत उकळून माझा काढा ठेवते. बसू वाट बघत."

महाराजांनी विडा तोंडात टाकला. तो संपतोय न संपतोय तोच खांबामागून मुंग्यांची रांग निघाली. यमुनीच्या काढ्याला लांबून वळसा, आणि थेट बरणीवर! फडक्यावर चढल्या, महाराजांच्या मोहरेवरही चढल्या.

"या मुंग्या फितूर आहेत!" वैद्य किंचाळला.

"यमुने," महाराजांनी डोळे बारीक केले, "वर 'जहाल कडू' लिहिलंय. माझी मोहर आहे. तरी या आल्याच कशा?"

"महाराज, त्यांना ना चिठ्ठी वाचता येते, ना तुमच्या मोहरेचा धाक! म्हणून तर त्या फसल्या नाहीत!"

महाराज असे हसले, असे हसले, की विड्याचा ठसका लागला!

रावजी मिशांसकट सुटला. यमुनीचा काढा अर्धा सासऱ्यांकडे गेला, अर्धा तिथंच वैद्याला पाजला. मोहर महाराजांनी यमुनीच्या ओटीत टाकली. "यापुढे औषधावर ही कधी उमटवायची, ते तू ठरवायचं. पगार वैद्याचा!"

"आणि मुंग्यांना काय, महाराज?"

"त्यांना बरणी बक्षीस!"