झाकणाखालचं पाणी

एका राज्यात दुष्काळ पडला, पण तसं म्हणायची तिथे चाल नव्हती. घरात दाणा नसला तरी बाई चूल पेटवी, भांड्यात पाणी उकळत ठेवी आणि वर झाकण घाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्याचं झाकण उचलणं म्हणजे तर महापाप.

धूम्राक्ष मांत्रिक दारी भिक्षेला आला, तेव्हा राजा सुबाहू म्हणाला, "माझ्या राज्यात कोणी उपाशी नाही." मांत्रिकानं मंत्र टाकला. धान्याच्या कोठाराची दारं भिंतीत मिटून गेली.

"उपाशी घरं किती, ते खरं सांग, तेव्हाच कोठार उघडेल. तीनदा विचारीन. चुकलास तर तुझी लेक शिळा होत जाईल."

राजाला एकुलती एक लेक, चंद्रावळ.

प्रधान मनोऱ्यावर चढला. हुशार माणसांना उंचावरून पाहायला फार आवडतं. घराघरांतून धूर निघत होता. राजानं सांगितलं, "एकही नाही." चंद्रावळ कमरेपर्यंत दगड झाली.

मग शिपाई दारोदार विचारत फिरले. शिपायाला कोण खरं सांगणार? भिकाऱ्यांची खोपटी तेवढी हाती लागली. राजानं तीच सांगितली. चंद्रावळ गळ्यापर्यंत दगड झाली.

आता सूर्य मावळला की शेवटचा प्रश्न. तो मुदपाकखान्यात जाऊन बसला. खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राजा, झाकण काढ."

"लोकांचं कसं काढू?"

"आपलं काढ."

कोठार मिटल्यापासून राजाच्या हंड्यातही पाणीच उकळत होतं. आचाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

राजानं तो हंडा स्वतः चौकात नेला आणि झाकण काढलं. "आमच्याकडे पाणीच आहे," तो म्हणाला. कोणी हललं नाही. ऊन उतरत चाललं. अब्रूही गेली आणि लेकही जाणार, असं त्याला वाटलं. तेवढ्यात कोष्ट्याची कासाबाई पदराआड पातेलं घेऊन आली. तिनं ते हंड्याशेजारी ठेवून उघडलं. मग चौक भरत गेला. साळुंक्यांनी दूरच्या गावांत ही बातमी नेली आणि तिथली उघडी भांडी मोजून आकडा आणला.

राजानं मोजणी आपल्या हंड्यापासून धरली आणि सूर्य टेकताना आकडा सांगितला. धूम्राक्ष निघून गेला. कोठाराची दारं भिंतीतून बाहेर आली. चंद्रावळीची बोटं हलली, मग पाय, आणि ती धावत चौकात आली.

"बाबा, मला भूक लागलीय," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

राजाला रडू आवरेना. कासाबाईनं हंड्याला हात लावून पाहिला.

"पाणी गरम आहे महाराज," ती म्हणाली. "तांदूळ तेवढे आणवा."

त्यांची वाईट वेळ टळली, तशी ऐकणाऱ्यांचीही टळो.