पहिली गाडी कुणी घ्यायची

“मग लोकांना पाहिजे तरी काय, अप्पा?”

आमचे हे मठाच्या ओसरीवर बसून तिसऱ्यांदा तेच विचारत होते. अप्पा तुरीच्या शेंगा सोलत होते.

आमच्या गावाबाहेर टेकडीवर मठ आहे. तिथं अप्पा एकटेच राहतात. वय ऐंशीच्या पुढं. बोलणं कमी. समोरचा फार बोलायला लागला की त्यांचे हात जास्त चालतात, एवढंच.

“गाडीत खोट असती तर मी समजलो असतो,” हे म्हणाले. “एकदा चार्ज केली की ऐंशी किलोमीटर जाते. घाट चढते. दोन माणसं घेऊन चढते. मी डिप्लोमा केलेला माणूस आहे, अप्पा. सगळं तपासून एजन्सी घेतली.”

अप्पांनी एक शेंग उघडली. किडकी निघाली. बाजूला टाकली.

यांनी बॅटरीवरच्या स्कूटरचं दुकान टाकलं त्याला सात महिने झाले होते. गाडीचं नाव सुगती. कंपनी कोईमतूरकडची, इकडं कुणी नावही ऐकलेलं नाही. दुकानात दोन गाड्या उभ्या, एक लाल, एक राखाडी. सात महिन्यांत एकही गेली नव्हती.

कंपनीचा माणूस सांगून गेला होता, संक्रांतीपर्यंत गिऱ्हाईकाची एक तरी गाडी रस्त्यावर दिसली नाही तर पाटी उतरवू. पाटी उतरली की आम्हाला चाकणला जावं लागणार, यांच्या थोरल्या भावाकडं. एक खोली आणि आम्ही धरून आठ माणसं. आमची शांभवी तेव्हा नऊ महिन्यांची होती. तिला कुठं निजवायचं, तिचं दूध कुठं तापवायचं, दिवसभर माझ्या डोक्यात तेच चालायचं. घास उतरत नव्हता.

“लोक म्हणतात काय?” अप्पांनी विचारलं.

“काय काय म्हणतात. टीव्हीवर का दिसत नाही. पार्ट कुठं मिळणार. उद्या विकायला काढली तर घेणार कोण. चौकातले शंकरअण्णा म्हणाले, सुगती मेल्यावर मिळते, तिच्यासाठी गाडी कशाला.”

अप्पा हसले. यांना ते आवडलं नाही.

“तरी नको असं कुणी म्हणत नाही,” हे म्हणाले. “अकरा जण घ्यायला तयार आहेत.”

“मग?”

“दुसरी.”

“दुसरी म्हणजे?”

“सगळे म्हणतात, आधी कुणीतरी एक घेऊ दे, मग दुसरी माझी. अकराच्या अकरा तेच म्हणतात. पहिली कुणालाच नको.”

अप्पांचे हात थांबले.

“तू स्वतः चालवतोस ना?”

“चालवतो. तर म्हणतात, दुकानदार चालवणारच, त्यात काय.”

“हं…”

मग यांनी मनातलं बाहेर काढलं. “अप्पा, तुम्ही एकदा गाडीवर बसा. चालवायची नाही, नुसतं बसायचं. मी फोटो काढतो आणि चौकात मोठा फ्लेक्स लावतो. तुमचा चेहरा दिसला की कंपनीचं नाव कोण विचारतंय.”

लाल गाडी अंगणात उभी होती. तिला झेंडूचा हार घातला होता. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. हे ती रोज पुसायचे, लेकराचं तोंड पुसावं तशी.

अप्पांनी गाडीकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. मी खांबाला टेकून बसले होते, शांभवी मांडीवर.

“पोरी, तू कशावर आलीस?”

यांनी मान दुसरीकडं वळवली.

“पायऱ्यांनी,” मी म्हटलं.

“लेकरू घेऊन?”

“हो.”

“आणि हा?”

“गाडीवर. रस्त्यानं.”

“ती घाबरट आहे, अप्पा,” हे घाईघाईनं म्हणाले. “तिला झोपाळ्याचीसुद्धा भीती वाटते. बायकांना मोटारीतलं काय कळतं?”

अप्पांनी नुसता हात वर केला.

“कशाची भीती वाटते, पोरी?”

खरं बोलावं की यांची लाज राखावी, मला कळेना. सात महिने मी हेच गिळून बसले होते. यांच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

“बंद पडायची भीती नाही, अप्पा,” मी म्हणाले. “बंद काय, सगळ्याच पडतात. पण पडल्यावर लेकराला घेऊन मी कुठं उभी राहू, कुणाला हाक मारू… ती भीती वाटते.”

शांभवी शेंगेचं एक टरफल धरायला बघत होती. मी तिची मूठ सोडवली.

“पाना आहे?” अप्पांनी यांना विचारलं.

“डिकीत आहे.”

“तो डावा आरसा काढ.”

“कशाला? चांगला आहे की.”

“काढ.”

यांनी आरसा काढून आणला. अप्पांनी तो मांडीवरच्या उपरण्याखाली ठेवला आणि पुन्हा शेंग उचलली.

“आता मला दुसरा आरसा बसवून दे.”

“इथं कुठला दुसरा? कंपनीकडून मागवावा लागेल.”

“कधी येईल?”

“आठ दिवस…” हे म्हणाले. मग माझ्याकडं पाहून खरं बोलले. “पंधरा. कधी कधी महिना.”

“आणि तोवर?”

यांनी हातातला पाना खाली ठेवला.

अप्पांनी उपरण्याखालून आरसा काढला आणि यांच्यापुढं धरला.

“घे. आला.”

“हा याच गाडीचा आहे, अप्पा.”

“हो.”

“मग ही गाडी बिनआरशाची राहिली.”

“हो. ही राहिली.”

यांनी हातातल्या आरशाकडं पाहिलं. मग अंगणातल्या गाडीकडं. पुन्हा आरशाकडं.

“कोरी गाडी आहे, अप्पा,” हे शेवटी म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता.

अप्पा शेंगा सोलत राहिले.

फोटो काढायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले, तर लाल गाडी जागेवर नव्हती. म्हणजे होती, पण सगळ्या दुकानभर. चाकं एकीकडं, सीट एकीकडं, मधे हे, बनियनला काळे डाग. मला वाटलं, रागानं डोकं फिरलं.

“अहो, हे काय केलं?”

“सोडवली.”

“ते दिसतंय. पण का?”

“पहिली आता कुणालाच विकायची नाही,” हे भिंतीत खिळा ठोकत म्हणाले. “ही वायर धर जरा.”

मी लेकरू काखेत मारून वायर धरली.

दोन दिवसांत सगळी भिंत भरली. दोन आरसे, दिवे, मडगार्ड, ब्रेकच्या वायरी, चार्जर, चाकं, मधोमध ती बॅटरी एका फळीवर. प्रत्येक वस्तूखाली यांनी खडूनं नाव लिहिलं. ‘इंडिकेटर’ लिहिताना दोनदा चुकले. सीटवरचं प्लॅस्टिक मात्र मीच ओढून काढलं.

शंकरअण्णा दारातून डोकावले. “मिळाली वाटतं गाडीला सुगती.”

हे उलट बोलले नाहीत. एरवी बोलले असते.

तिसऱ्या दिवशी रुक्साना पठाण आल्या, आमच्या भागातल्या आशाताई. तीन गावांतल्या बाळंतिणींकडं पायी फिरतात. ‘दुसरी माझी’ म्हणणाऱ्या अकरा जणांमधल्याच एक.

“मन्मथभाऊ, भंगाराचा धंदा सुरू केला का?”

“नाही ताई. ही पहिली गाडी.”

“सात महिन्यांत मोडली?”

“मोडली नाही, मी सोडवली. तुमच्या गाडीचं काही गेलं तर इथून काढायचं आणि तिथल्या तिथं बसवायचं. कंपनीची वाट बघत बसायचं नाही.”

ताई भिंतीजवळ गेल्या. एकेका वस्तूवर बोट ठेवत चालल्या. एका चपट्या डबीपाशी थांबल्या.

“हे काय?”

“कंट्रोलर. हा गेला की गाडी जागेवर उभी राहते.”

“म्हणजे रस्त्यात.”

“हो. रस्त्यात.”

“बसवायला किती वेळ लागतो?”

“अर्धा तास.”

ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि स्टूल ओढून बसल्या. “बसवून दाखवा. मी घड्याळ लावते.”

यांनी राखाडी गाडीचा कंट्रोलर काढला, भिंतीवरचा उतरवून लावला. मधे एक स्क्रू निसटून गाडीखाली गेला, तो शोधण्यात वेळ गेला. ताई शांभवीला मांडीवर घेऊन तिचं वजन किती भरतं ते मला विचारत होत्या. एक डोळा घड्याळावर.

गाडी चालू झाली.

“पंचेचाळीस मिनिटं,” ताई म्हणाल्या.

यांचा चेहरा पडला. “पहिल्यांदाच केलं, ताई. पुढच्या वेळी लवकर होईल. पण अर्ध्या तासात होईल असं आता नाही म्हणत.”

ताईंनी यांच्याकडं नीट पाहिलं.

“हे बरं बोललात,” त्या म्हणाल्या. “राखाडी रंग मळका दिसत नाही ना पटकन? माझे रस्ते सगळे मातीचे आहेत.”

त्या शुक्रवारी राखाडी गाडी दुकानातून बाहेर पडली. त्या दिवशी मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरीची अर्धी. हे माझ्याकडं बघून हसत होते. यांनाही हसून किती दिवस झाले होते.

ताईंची गाडी तीन गावांतल्या दारांपुढं उभी राहिलेली लोकांनी पाहिली. मग माणसं यायला लागली. यायची, भिंतीपाशी उभी राहायची, डबीला बोट लावायची. कंपनीकडून आणखी गाड्या मागवल्या, संक्रांतीपर्यंत सहा गेल्या. कंपनीचा माणूस आला, पाटीखाली उभं राहून चहा प्यायला आणि गेला. चाकणला थोरल्या जाऊबाईंना मी फोन केला, खोलीत आमच्यासाठी जागा करू नका म्हणून. त्याही म्हणाल्या, बरं झालं गं.

संक्रांतीला आम्ही तिळाच्या वड्या घेऊन मठात गेलो. तिघंही रस्त्यानं, दुकानात नव्यानं आलेल्या गाडीवर. शांभवी आमच्या दोघांच्या मधे झोपून गेली होती.

अप्पा अंगण झाडत होते. यांनी खराटा घेतला आणि उरलेलं अंगण झाडलं. मग पाया पडले.

“सहा गेल्या, अप्पा.”

“बरं.”

“पाटी राहिली. आम्ही इथंच राहतोय.”

अप्पांनी मान हलवली. वडी हातात धरून बसले.

यांनीही एक वडी उचलली. पण यांच्या डोक्यात हिशेब सुरू झालेला मला कळतो. भुवई वर जाते.

“एक विचारू का, अप्पा? भिंतीवरचं अजून कुणाला काही लागलं नाही. एक स्क्रूसुद्धा नाही. गाडी बिघडतच नाही. मी म्हणतच होतो, गाडीत खोट नाही.”

“हं…”

“मग ती लाल गाडी उगाच अडकून पडली आहे. तिला परत जोडावी म्हणतो. कोरीच आहे. विकून टाकतो.”

अप्पांनी वडीचा तुकडा मोडला.

“ज्यानं ती घेतली आहे त्याला विचार.”

“ती कुणी घेतलीच नाही, अप्पा,” हे हसून म्हणाले. “ती भिंतीवर आहे.”

अप्पांनी तुकडा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. हातावरचे तीळ झटकले…

“सहा जणांनी घेतली आहे.”