घड्याळाने मोजलेली भाकरी

आमच्या साखर कारखान्यात सबनीस नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कॅलरी मोजायचं. मेसमध्ये येऊन ते म्हणाले, "सायकलवरून उसाचे फड बघायला एक भाकरी पुरते. घड्याळाचा हिशेब आहे. परवापासून दुसरी बंद."

आमची तोंडं उतरली. रोज फडांवर फेरी मारणारा राणू ढवळे म्हणाला, "मान्य, साहेब. फक्त उद्या माझी फेरी तुम्ही मारा. घड्याळ तुमचं, सायकल माझी."

दुसऱ्या दिवशी साहेब ईर्ष्येने गेले. दुपारी घामाने भिजून परतले आणि थेट जेवायला बसले. दोन भाकऱ्या संपवून त्यांनी तिसरीसाठी ताट पुढे केलं.

राणू वाढणारीला म्हणाला, "सोनाक्का, थांब. साहेब, आधी घड्याळाला विचारा."

साहेबांनी घड्याळ काढून खिशात घातलं. "सोनाक्का, सगळ्यांना पोटभर वाढा."

आमचा जीव भांड्यात पडला.