सतराची झाकणी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तिळी नदीवर पूल नव्हता आणि आंबडोह गावात सतराचा पाढा शिकवत असत, तेव्हाची ही गोष्ट. आता पूल झाला. सतराचा पाढा शिकवणं बंद झालं. ते का, हे ऐकायचं तर जरा नीट मांडी घालून बसा.

आंबडोह नदीच्या वळणावर वसलेलं. दोन-तीन वर्षांतून एकदा तिळी गावात यायची, आणि आली की हळदीकुंकवाला आल्यासारखी एकही घर चुकवायची नाही. मग गाव उठून भैरोबाच्या माळावर झोपड्या घालून राहायचं. पळायचं कसं हे सगळ्यांना पाठ होतं. देव कुणी उचलायचे, कोंबड्या कुणी धरायच्या, म्हातारीला पाठुंगळी कुणी घ्यायचं, घराघरांत ठरलेलं. सगळ्यांत आधी बाहेर पडायचं ते लोणच्याचं मडकं. म्हातारीचा नंबर दुसऱ्या खेपेला, असं म्हणतात.

शाळा मात्र कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. चावडीच्या पडवीत सदोबा पंतोजी मुलांना शिकवायचे. त्यांना दिसायचं कमी, त्यामुळे समोर मुलगे बसलेत की मुली हे त्यांना कधी कळलं नाही, आणि त्या काळी कुठे नव्हत्या तेवढ्या मुली आंबडोहात शिकत होत्या. पण पूर आला की धूळपाट्या वाहून जायच्या, आणि पंतोजी नदीपलीकडच्या आपल्या गावी जे सुकायला जायचे ते पौषात परतायचे. तोवर मुलं सगळं विसरलेली. पुन्हा श्रीगणेशा. खुद्द रावजी पाटलांना घ पर्यंतच अक्षरं येत. त्यांच्या लहानपणी दर खेपेला घ गिरवतानाच पाणी आलं, असं म्हणतात.

अशा गावात कुंभाराच्या घरी हौसा नावाची सून आली.

हौसाचे वडीलही पंतोजी, माहेरगावचे. ते ओसरीवर शिकवायचे आणि ही दाराआड चूल फुंकता फुंकता ऐकायची. तिला सगळं येत होतं, फक्त सतराचा पाढा सोडून. सतराच्या दिवशी आईनं तिला पाण्याला पाठवलं होतं. सासरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. नव्या सुनेला कुणी काही विचारत नाही, आणि हौसाला न विचारता बोलायची सवय नव्हती. ती नुसती बघायची. तिच्या सासूचा, तुळसाबाईचा, आवाज मात्र नदीपलीकडची म्हैस मान वळवील असा होता. दोघींचं चांगलं जमलं.

त्याच वर्षी पूर आला. माळावर महिना गेला, दुसरा सरत आला. एका सकाळी हौसाची धाकटी नणंद बकुळा चुलीपुढच्या राखेत काडीनं आपलं नाव लिहीत बसली होती. ब झाला. क झाला, त्याला उकारही दिला. आणि काडी थांबली.

"वैनी," ती म्हणाली, "माझं नाव पुढं कसं असतं गं?"

पावसाआधी हीच पोर घरातल्या प्रत्येक भिंतीवर आपलं नाव लिहून मार खात होती. हौसानं राखेत ळा काढून दिला आणि झोपडीच्या कोपऱ्यातल्या लोणच्याच्या मडक्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मडक्याला ओरखडासुद्धा गेला नव्हता.

"आत्याबाई, मडकं कोण आणतं?"

"मी! दुसऱ्या कुणाला हात लावू देईन व्हय?"

"आन् कोंबड्या?"

"तुजा सासरा."

"मग शाळा कोण आणतं?"

तुळसाबाई हसली. "शाळंला काय कान असत्यात, धरून आणायला?"

"मडक्याला झाकणी तर असती," हौसा म्हणाली. लग्न झाल्यापासून ती एका दमात एवढं बोलली नव्हती.

गाव खाली उतरलं तशी ती कामाला लागली. सासऱ्याच्या चाकावरून मडक्यांच्या झाकण्या उतरायच्या, ओल्या असतानाच ती त्यांवर दाभणानं कोरायची. एका झाकणीवर एकाचा पाढा, एकीवर बेचा, अशा विसापर्यंत वीस. सतराची तेवढी सदोबा पंतोजी परतल्यावर त्यांच्याकडून ऐकून कोरली, पण तो तिला पाठ झालाच नाही. उरलेल्या घरांना अक्षरं. भट्टीत भाजून प्रत्येक घराच्या लोणच्याच्या मडक्यावर एकेक झाकणी बसली. नियम एकच, झाकणीवर जे असेल ते घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला तोंडपाठ हवं. मडकं माळावर पोचलं म्हणजे शाळा पोचली. मग मुलांनी या झोपडीतून त्या झोपडीत शिकत फिरायचं.

पौषात सदोबा पंतोजी परतले आणि ऐकून कष्टी झाले. "मग माझं काय काम?"

दाराआडून हौसाचा आवाज आला, "आमच्याकडं एकेक झाकणी हाय, पंतोजी. तुम्ही सगळ्या."

हे त्यांना पटलं. तुळसाबाईनं वर मडकंभर लोणचं दिल्यावर तर फारच पटलं, आणि त्यांनी घरोघर बसून मोठ्यांचं पाठांतर करून घेतलं.

पटलं नाही ते रावजी पाटलांना. चावडीवर ते म्हणाले, "दर खेपेला पंतोजी आणायचे, दर पुराला शाळा वाहून जायची. फुकाचा खटाटोप! यंदा पाणी आलं तर माळावर पोरांनी एकापासनं विसापर्यंत पाढे सलग म्हणून दाखवायचे. एक जरी गळला, तर शाळा कायमची बंद. पोरं गुरांमागं जातील."

"ठरलं!" तुळसाबाई पाणवठ्यावरून ओरडली. चावडीवर ते व्यवस्थित ऐकू आलं.

चैत्रात, नदीत गुडघाभर पाणी नसताना, हौसानं सासूकडून हलगी वाजवून घेतली आणि सगळं गाव मडकी घेऊन माळावर पळवलं. पहिल्या खेपेला चार मडकी फुटली आणि दोन पुरुष चुकीच्या झोपडीत शिरले. मग पुन्हा पळवलं. शेजारची गावं म्हणायची, आंबडोहला कोरड्या नदीचा पूर येतो.

पूर आला श्रावणात, आणि असा आला की चावडीचं आढंसुद्धा दिसेना. पंतोजी पलीकडच्या काठावर अडकले. पण मडकी माळावर होती आणि दुसऱ्याच दिवशी शाळा भरली. साताच्या पाढ्याला सुताराच्या झोपडीत, नवाच्या पाढ्याला गुरवाच्या. चाराचा पाढा एका आजीकडे होता, ती प्रत्येक ओळीला एक शिवी हासडायची, आणि तो पाढा मुलांना सगळ्यांत आधी पाठ झाला.

सातव्या दिवशी पाटील दगडावर येऊन बसले. "हं, म्हणा."

मुलांनी एकापासून सुरुवात केली. बारा झाले, पंधरा झाले, सोळा दणादण झाले. आणि माळ गप्प झाला.

सतराची झाकणी तेल्याच्या घरी होती. तेल्याचं घर पुराआधी भाचीच्या लग्नाला नदीपलीकडे गेलं होतं, आणि आंबडोहचा माणूस लग्नाला लोणच्याशिवाय जात नाही. मडकं नेलं, झाकणीही गेली. इतके दिवस मुलं सोळावरून अठरावर उडी मारत होती आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांनी हौसाकडे पाहिलं. हौसानं मान खाली घातली. तिला आईची हाक आठवली, पाण्याला पाठवणारी.

"गळलं," पाटील उठत म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

"थांबा की पाटील!" बकुळा पुढे आली. तिनं सोळाची झाकणी मागून घेतली, एकाची मागून घेतली, आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"एका जागी सोळा हाय, एका जागी एक. दोन्ही मिळून सतरा न्हाय का?" ती बोटांवर मोजू लागली. "सोळा दुणे बत्तीस, हिकडं दोन. चौतीस."

तुळसाबाई ओरडायला तोंड उघडत होती. हौसानं जन्मात पहिल्यांदा सासूच्या तोंडावर हात ठेवला.

"सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, हिकडं तीन. एक्कावन्न. चौसष्ट, हिकडं चार. अडुसष्ट."

ती अडायची, मागे जायची, पुन्हा यायची. तेवढा वेळ माळावर कुणी हललं नाही. पाऊस थांबला. नदीही ऐकायला थांबली आणि एकेका ओळीला एकेक पायरी खाली उतरली, असं म्हणतात. दहावी ओळ झाली तेव्हा चावडीचं आढं दिसू लागलं होतं. मग बकुळानं अठरा, एकोणीस, वीस एका दमात म्हणून टाकले, कारण ते सोपे होते.

पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "घ च्या पुढची झाकणी कुणाकडं हाय?"

ते माळावरून खाली आले ते ज्ञ पर्यंत पोचूनच.

तेल्याचं मडकं परत आलं तेव्हा सतराची झाकणी धड होती. पण हौसानं ती घेऊन घासून कोरी केली. बाकी प्रत्येक पाढ्याच्या तिनं दोन दोन झाकण्या केल्या, एक वरल्या आळीत, एक खालल्या आळीत, म्हणजे एका घरचं लग्न निघालं तर गावाचा पाढा वरातीला जायला नको. सतराला मात्र तिनं दुसरी केली नाही.

हौसा पुढे पुष्कळ जगली. म्हातारपणी ती नुसती माळाकडे बघायची आणि नदी आपसूक काठात राहायची, असं म्हणतात. त्यात किती खरं ते तिळीलाच ठाऊक.

आंबडोह अजून चैत्रात एक दिवस मडकी घेऊन माळावर पळतं. मडकी फुटतात, माणसं हसतात, पाहुणे मुद्दाम बघायला येतात. गावात नवी नवरी आली की नाव घ्यायला लावायच्या आधी तिच्या हातात हौसाईची झाकणी देतात, तुझ्या घरचा पाढा हा, म्हणून. चौदाचा मिळाला तर ती मनातल्या मनात माहेरची आठवण काढते. मधे एका साथीच्या वर्षी सगळीकडच्या शाळांना कुलपं लागली, तेव्हा आंबडोहानं झाकण्या उंबऱ्याबाहेर मांडल्या, घरातले आतून म्हणायचे आणि पोरं लांब उभी राहून शिकत पुढच्या उंबऱ्याकडे सरकायची.

आणि सतरा? तो आजही कुणी शिकवत नाही. मुलाचे सोळा पाढे झाले की त्याला माळावर नेतात. एका हातात सोळाची झाकणी देतात, एका हातात एकाची, आणि पुढ्यात कोरी ठेवतात. मग सगळं गाव भोवती बसतं आणि तोंड मिटून घेतं. तुळसाबाईच्या घराण्यातली माणसंसुद्धा. पोराला कितीही वेळ लागो, कुणी एक अक्षर सांगत नाही.